मार्चचं आभाळ आणि गुरुवारचा अंदाज

(ओळख हवामानाची : लेखांक 6)

होळीत थंडी जळते म्हणतात, पण ती जाता जाता राज्याला बरंच झोडपून जाते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पहाटे पांघरूण, दुपारी अडतीस अंश आणि संध्याकाळी गडगडाट, असा एकाच दिवसात तीन ऋतूंचा कारभार चालतो.

त्यामागचं गणित असं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ एरवी हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात. या दिवसांत एखाद्याची शेपूट मध्य भारतापर्यंत उतरते आणि वरच्या थरात थंड हवा शिरते. खाली जमीन तापलेली असते, आणि त्यात बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भ-मराठवाड्यात घुसतात. वर गार, खाली गरम आणि ओलं असलं की ढग तासा-दोन तासांत दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. मेमध्येही असे ढग होतात, पण तेव्हा गोठणपातळी जास्त उंचावर असते आणि खालची हवा भट्टीसारखी, त्यामुळे बऱ्याच गारा वाटेतच वितळतात. मार्चमध्ये त्या तशाच शेतात येऊन आदळतात. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाने हे भोगलं. गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब, काहीच सुटलं नाही.

कोकणपट्टीचा विषय वेगळा. तिथे दुपारचा समुद्री वारा वेळेवर आला तर ठीक. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की तो अडून बसतो आणि पारा सुसाट चढतो. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले, ते मेमध्ये नव्हे!

आता पुढच्या आठवड्यांचं काय? भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. आठवड्याची सरासरी सांगता येते, कारण समुद्राचं तापमान सावकाश बदलतं आणि विषुववृत्ताजवळून ढगांचा एक मोठा पट्टा 30 ते 60 दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. मॅडन आणि ज्युलियन यांनी 1971 मध्ये तो दाखवून दिला. पण यातून कळतो तो फक्त कल : अमुक आठवड्यात पाऊस किंवा तापमान सरासरीच्या वर की खाली. ‘येत्या 24 तारखेला तुमच्या तालुक्यात गारपीट’ असा निरोप तीन आठवडे आधी मोबाईलवर फिरत असेल तर तो निव्वळ ठोकताळा समजावा, पाठवणारा कितीही नावाजलेला असो.

म्हणून कामाची मुदत पाहून अंदाज निवडावा. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर टाकलेली द्राक्षं सुकायला साधारण दोन आठवडे लागतात. मधेच हवा दमट झाली की हिरवट-पिवळा मणी तांबूस पडतो आणि भाव उतरतो. जाळी कधी भरायची हे ठरवताना गुरुवारचा अंदाज कामाचा. उन्हाळ कांद्याचं तसं नाही. काढलेला कांदा पातीने झाकून रानात तीन-चार दिवस राहतो, तेव्हा पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला पाहावा. ढग डोक्यावर आल्यावर मात्र तीन तासांचा तातडीचा इशारा तेवढा खरा.

यापुढे गारांचा जोर ओसरत जातो. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी तापतात, तर पश्चिम महाराष्ट्रात दुपारनंतर वळीव सुरू होतो. वळवात पावसापेक्षा वीज घातक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फुकट मिळतं, ते आताच मोबाईलवर घेऊन ठेवा. आणि आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.