एक संगणक, अनेक बिऱ्हाडे

विद्यार्थी मित्रांनो, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा एका खोलीत बारा माणसे राहू शकतील काय? तुम्ही म्हणाल, उभी राहतील, पण झोपणार कोठे?

माझे आजोबा कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीत लागले, तेव्हा लालबागच्या एका चाळीत अशाच खोलीत राहत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. पहिल्या पाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची माणसे येऊन झोपत. भोंगा झाला की खोलीतील माणसे बदलत, खोली मात्र तीच. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेली असे आणि तिची किल्ली त्याच्या कमरेला. खोलीत दोन नियम होते. दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याची वळकटी त्याला विचारल्याशिवाय गुंडाळायची नाही.

आज लालबाग-परळच्या गिरण्या बंद झाल्या आहेत. पण एक वस्तू आणि वापरणारे अनेक, हा प्रश्न घरोघरी आहेच. आता ती वस्तू म्हणजे संगणक. एकाच संगणकावर वडिलांचे हिशेब, ताईचा अभ्यास आणि धाकट्याचे खेळ चालतात. ही गर्दी संगणक कशी सांभाळतो, ते आज पाहू.

पत्त्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात

फार लांब जायला नको. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा संगणक आपल्या शास्त्रज्ञांनी बनविला. १९६० साली तो काम करू लागला. १९६४ साली तेथे सीडीसी ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला. त्याच्यापुढे कोणी बसत नसे. संशोधक आपले गणित भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवून तो गठ्ठा खिडकीवर देत आणि उत्तराची वाट पाहत. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे सुरू. रेशनच्या रांगेसारखाच प्रकार!

यावर तोड अमेरिकेत निघाली होती. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कालविभागणी'ची पद्धत करून दाखविली. संगणकाने थोडा वेळ पहिल्याचे काम करावयाचे, ते आहे तेथे थांबवावयाचे, थोडा वेळ दुसऱ्याचे करावयाचे, आणि पुन्हा पहिल्याकडे यावयाचे. प्रत्येकाला वाटते, संगणक आपल्या एकट्याचाच आहे. प्रत्येकाच्या वस्तू वेगळ्या राहाव्यात म्हणून या प्रणालीत परवलीचा शब्दही होता. आजोबांच्या ट्रंकेची किल्लीच ती! पुढे १९७०च्या दशकात डेक-१० हा या पद्धतीने चालणारा संगणक कुलाब्यालाही आला.

हे काम किती वेगाने होते, त्याचा हिशेब करू. आजच्या साध्या संगणकातील प्रोसेसरच्या घड्याळाचे एका सेकंदाला सुमारे ३०० कोटी ठोके पडतात. समजा, एका कामाला १० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा वेळ दिला. तेवढ्यात ३ कोटी ठोके पडून जातात. तुमच्या पापणीची उघडझापसुद्धा याहून कितीतरी सावकाश होते.

वळकटी आणि ट्रंक

आता घरच्या संगणकाकडे या. त्यात वस्तू ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक कार्यस्मृती, म्हणजे रॅम. चालू असलेले सर्व काम हिच्यात पसरलेले असते, आणि वीज गेली की ही रिकामी होते. दुसरी साठवणीची चकती. साठवलेली फाईल हिच्यात असते आणि वीज गेली तरी टिकते. कार्यस्मृती म्हणजे खोलीतील जमीन, आणि चकती म्हणजे भिंतीलगतच्या ट्रंका, असे समजा.

पूर्वी घरच्या संगणकावर माणूस बदलावयाचा म्हणजे पहिल्याने सर्व काम बंद करून खात्यातून बाहेर पडावे लागे. वळकटी गुंडाळून ट्रंकेत टाकावी आणि मगच दुसऱ्याने आपली पसरावी, तसे. २००१ साली विंडोज एक्सपीने आणि २००३ साली ॲपलच्या मॅक संगणकांनी 'जलद वापरकर्ता-बदल' ही सोय आणली. आता पहिल्याने काहीच बंद करावयाचे नाही. दुसऱ्याने आपले नाव निवडावयाचे, परवलीचा शब्द टाकावयाचा आणि कामाला लागावयाचे. पहिला परत आला की त्याच्या खिडक्या जशाच्या तशा उघड्या मिळतात.

पण मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिला माणूस दिसेनासा झाला तरी त्याची वळकटी जमिनीवर पसरलेलीच आहे. तिने जागा अडविली आहे. तीन-चार जणांनी अशा वळकट्या पसरल्या की जमीन संपते. मग संगणक काही सामान बाहेरच्या गॅलरीत, म्हणजे चकतीवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. संगणक 'जड' झाला असे आपण म्हणतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. कार्यस्मृतीतून वस्तू काढावयास १ सेकंद लागतो असे धरले, तर त्याच मापाने फिरत्या चकतीवरून ती आणावयास सुमारे १ लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील! नव्या, न फिरणाऱ्या एसएसडी साठवणीला सुमारे १७ मिनिटे पुरतात. फरक मोठा आहे, पण थांबावे लागतेच.

माझी चूक

आता मी केलेली एक चूक सांगतो. माझी मुलगी दहावीत होती. चाळीच्या गच्चीवर मोजमापाचे भांडे ठेवून तिने जुलै महिन्यातील रोजचा पाऊस मोजला होता, आणि त्याचा अहवाल ती संगणकावर लिहीत होती. मला विद्यार्थ्यांचे गुण भरावयाचे होते, म्हणून ती उठली आणि मी माझे खाते उघडले. रात्री काम संपल्यावर मी संगणक बंद करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर सूचना आली, की आणखी कोणीतरी हा संगणक वापरत आहे, बंद केल्यास त्यांचे न साठवलेले काम जाऊ शकेल. मी ती वाचली नाही. 'हो' म्हटले आणि झोपलो.

सकाळी तिने विचारले, "बाबा, माझा अहवाल कोठे आहे?"

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या बापाजवळ उत्तर होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते. अहवाल फक्त कार्यस्मृतीत होता, आणि तिची वीज मीच तोडली होती. पावसाचे आकडे वहीत होते म्हणून बचावले. लिहिलेली सात पाने गेली. आजोबांच्या खोलीतील दुसरा नियम मी मोडला होता.

फिरता रंगमंच

आता दुसरी सोय पाहू. माणूस एकच आहे, पण त्याची कामे अनेक आहेत. एकाच पडद्यावर गणित, चित्रे, पत्रे यांच्या वीस खिडक्या एकमेकींवर चढल्या की हवी ती सापडत नाही. १९८६ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी यावर उपाय मांडला. त्याचे नाव होते 'रूम्स', म्हणजेच खोल्या! प्रत्येक कामाच्या खिडक्या वेगळ्या खोलीत मांडावयाच्या आणि आपण या खोलीतून त्या खोलीत जावयाचे.

तुमच्या घरी कोणी नाटकवेडे असेल, तर त्यांना आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'बद्दल विचारा. १९६२ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक फिरत्या रंगमंचासाठी गाजले. एक देखावा प्रेक्षकांसमोर असतो, त्याच वेळी दुसरा मागे मांडून तयार असतो. रंगमंच फिरला की तो समोर येतो. संगणकातील अनेक डेस्कटॉप हे असेच आहेत. मागे गेलेला देखावा मोडलेला नसतो, तो फक्त दिसत नसतो.

लिनक्स प्रणालीत ही सोय बरीच जुनी आहे. मॅकवर ती २००७ साली आली आणि विंडोजमध्ये २०१५ साली, विंडोज १० बरोबर. २०२० साली प्रत्येक डेस्कटॉपला नाव देता येऊ लागले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये प्रत्येकाचे पार्श्वचित्र वेगळे ठेवता येते आणि त्यांचा क्रमही बदलता येतो. अभ्यासाच्या मेजावर निळे चित्र, छंदाच्या मेजावर हिरवे. कोठे आहोत ते नजर टाकताच कळते.

पडदा म्हणजे कुलूप नव्हे

अहवाल पुन्हा लिहिताना माझ्या मुलीने दोन डेस्कटॉप केले. एकावर अहवाल, दुसऱ्यावर रोजनिशी. दुसरा दिसत नाही, म्हणजे तो सुरक्षित आहे, अशी तिची समजूत झाली. ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाने दोन-तीन कळा दाबल्या आणि ताईची रोजनिशी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी घरात जे रडणे झाले, ते सात पाने गेल्याच्या दिवशीही झाले नव्हते.

दोन्ही सोयींतील भेद येथेच आहे. डेस्कटॉप बदलणे म्हणजे रंगमंच फिरविणे. मागच्या बाजूने कोणीही जाऊन पाहू शकतो. खाते बदलणे म्हणजे वेगळी ट्रंक आणि वेगळी किल्ली. जे खाजगी आहे, ते वेगळ्या खात्यातच ठेवावे. तेही पूर्ण कुलूपबंद असते असे नाही, कारण ज्याच्याकडे व्यवस्थापकाचे खाते आहे, त्याच्याजवळ घरमालकासारखी दुसरी किल्ली असते.

करून पाहा

१. विंडोज कळ, कंट्रोल आणि डी एकदम दाबा. नवा डेस्कटॉप उघडेल. त्यावर एक गाणे लावा. आता विंडोज, कंट्रोल आणि डावा बाण दाबून पहिल्या डेस्कटॉपवर या. गाणे थांबले काय? नाही ना! देखावा मागे गेला, नट मात्र गातोच आहे.

२. तो नवा डेस्कटॉप बंद करा. विंडोज आणि टॅब दाबल्यावर सर्व डेस्कटॉप रांगेने दिसतात, तेथे फुली असते. त्यावरील खिडकी नाहीशी होते, की शेजारच्या डेस्कटॉपवर येते, ते पाहा.

३. घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन दोन खाती चालू ठेवा. मग टास्क मॅनेजरमधील 'युजर्स' हे पान उघडा. कोणी किती कार्यस्मृती अडविली आहे, ते आकड्यांत दिसेल. त्यांपैकी एका खात्यातून बाहेर पडा आणि आकडा पुन्हा वाचा.

आमच्या घरात आता तिघांची तीन खाती आहेत. मुलीने संगणकाच्या वर भिंतीला एक कागद चिकटविला आहे. त्यावर लिहिले आहे: 'उठण्यापूर्वी साठवा. बंद करण्यापूर्वी विचारा.' पणजोबांच्या खोलीतील नियम तिला मी सांगितले ते नंतर. ती म्हणाली, "मग बाबा, तुम्हाला हे आधीपासूनच ठाऊक होते की!"