गोष्टीतला खलनायक खेळात आणताना

आज एकच खलनायक घेऊन बसू या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आलं, तेव्हापासून टेबलाभोवती बसून खेळायच्या या खेळात राक्षसाची ताकद आकड्यांत मोजायची सवय लागली आहे. हिट पॉइंट किती, चिलखत किती, हल्ला किती. ड्रॅगनसाठी हे ठीक आहे. पण परीकथेतला खलनायक आकड्यांनी मोठा होत नाही, तो एका नियमाने मोठा होतो. आणि तो नियम त्याला स्वतःलाही पाळावा लागतो.

ग्रिम बंधूंचा रम्पलस्टिल्टस्किन घ्या. १८१२च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात ही गोष्ट आहे. गिरणीवाला राजाला थाप मारतो, की माझी मुलगी पेंढ्याचं सोनं कातते. राजा तिला पेंढ्याने भरलेल्या खोलीत कोंडतो. सकाळपर्यंत सोनं झालं नाही तर मरण. रात्री एक बुटका येतो आणि कातून देतो. पहिल्या रात्री गळ्यातला हार घेऊन, दुसऱ्या रात्री अंगठी घेऊन. तिसऱ्या रात्री तिच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं, म्हणून तो मागतो तिचं पहिलं मूल.

आता मला सांगा, यात दुष्ट कोण? बाप खोटं बोलला. राजाने जिवाची धमकी दिली, आणि वर लग्नही केलं! बुटक्याने मात्र प्रत्येक शब्द पाळला. राणी रडली तेव्हा तीन दिवसांची मुदतही दिली, माझं नाव ओळख, मूल तुझं. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की तुमच्या खलनायकाला खोटं बोलू देऊ नका. खोटं बोलणारा पकडला की संपतो. शब्दाला पक्का असलेला माणूस जास्त भीती घालतो, कारण सही आपणच केलेली असते. आपल्या व्रताच्या कहाण्यांतही हेच ना, वसा टाकला की वैभव गेलं. आपल्या श्रोत्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट किमतीची. खेळाडूकडून सोन्याची नाणी मागू नका, नाणी त्यांच्याकडे पोत्याने असतात. पात्राच्या कागदावर खेळाडूने स्वतःच्या हाताने लिहिलेलं काहीतरी मागा. आईने शिकवलेलं गाणं. घराकडे जायच्या वाटेची आठवण. तलवारीचं नाव. द्या म्हटलं की तो कागदावरची ती ओळ खोडायला लावतो. वीस बाजूंचा फासा हातात धरून बसलेला माणूस तिथे गप्प होतो, बघा तुम्ही. आणि भाव चढता ठेवा. पहिला सौदा स्वस्त, अगदी हसण्यावारी नेण्यासारखा. मूल मागायचं असेल तर मात्र खेळ सुरू करण्याआधीच टेबलावर सगळ्यांना विचारून घ्या. कुणाच्या घरात काय घडलेलं असतं आपल्याला ठाऊक नसतं. कुणी नको म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही.

आता नाव कसं कळतं ते पाहू. इथे ग्रिमच्या आवृत्त्यांत मोठा मौजेचा फरक आहे. १८१२मध्ये राजा शिकारीवरून येतो आणि सहज सांगतो, की रानात एक बुटका नाचत होता, अमुक नाव घेत होता. राणीला उत्तर आयतं मिळतं. पुढच्या आवृत्तीत राणी स्वतः दूत पाठवते, नावं गोळा करत तो देशभर हिंडतो, आणि त्याला ते झोपडं दिसतं. खेळासाठी दुसरीच आवृत्ती हवी. पहिलीत गेम मास्टर उत्तर देतो, दुसरीत खेळाडू ते मिळवतात. दूत मात्र एकच ठेवू नका. जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम या खेळात बराच चालतो, तो म्हणजे जे कळलंच पाहिजे त्याकडे जाणारे किमान तीन धागे ठेवावेत. एक धागा खेळाडूंना दिसत नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा लागतो. जुन्या सौद्यातली एखादी म्हातारी, चरख्यावर कोरलेलं अर्धं अक्षर, रानातलं गाणं, एवढं पुरे.

"आणि त्यांनी सरळ तलवार काढली तर?" हा प्रश्न येतोच. काढू द्या. त्याला अमर करू नका, ती फसवणूक होते. तो मरू दे. पण त्याने कातलेलं सगळं सोनं त्याच क्षणी परत पेंढा होतं, गावभर. ज्या विधवेने त्यावर शेत सोडवलं तिच्या दारात सकाळी सावकार उभा. आता खेळाडूंना ठरवू दे, जिंकलो का.

(श्रोत्यांतून प्रश्न: पहिल्याच रात्री कुणी नाव ओळखलं तर? तीन आठवड्यांची तयारी वाया गेली की!)

गेली तर गेली. ओळखलं म्हणजे ओळखलं. आयत्या वेळी नाव बदललंत, तर नियम मोडणारे तुम्ही ठरता, आणि पुढच्या खेपेला कुणी कोडं सोडवायला बसणार नाही, थेट तलवारच निघेल. बुटक्याचं काय करायचं तेही ग्रिमनीच सुचवलंय. नंतरच्या आवृत्तीत तो रागाने स्वतःला उभा फाडून घेतो. पण १८१२मध्ये तो चिडून निघून जातो, परत येत नाही. मी असतो तर हा शेवट घेतला असता. त्या गावात परत येत नाही, एवढंच. शेजारच्या गावात कुणाचातरी बाप थाप मारतच असेल.