मेमधलं अंदमान? आधी तारीख बोला!

मार्च संपत आला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला अचानक जाग येते. एरवी वर्षभर ‘हॅपी बर्थडे’ आणि शिळ्या जोक्सवर जगणारा हा ग्रुप. पण अप्रेझलची पत्रं हातात पडली, की इन्क्रिमेंट किती मिळालं हे कुणी सांगत नाही आणि ब्रेक मात्र सगळ्यांना एकदमच हवा असतो. यंदाही तसंच झालं. आयटीवालीला जूनच्या रिलीजच्या आधी जायचंय. बँकवाल्याच्या ब्रँचमध्ये एप्रिलभर ऑडिट, त्यामुळे मेआधी सुटीचं नावही काढायचं नाही. शाळेत शिकवणारीचं म्हणणं, निकाल लागल्याशिवाय मला हलता येत नाही. राहिले मी. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला कधीही चालतं, असा समस्त नोकरदार वर्गाचा एक लाडका गैरसमज आहे. असो.

तर गोळाबेरीज करून मेचा शेवटचा आठवडा निघाला आणि खाली बँकवाल्याचा मेसेज पडला, ‘अंदमान. फायनल?’ पाठोपाठ चार अंगठे.

मी लिहिलं, ‘नाही.’

मग काय, माझ्यावर प्रश्नांची सरबत्तीच! बेट आहे, समुद्र आहे, उन्हाळ्यात नाही जायचं तर कधी जायचं? प्रश्न बरोबर आहे. दरवर्षी मला कुणी ना कुणी तो विचारतंच, कारण मी मे महिन्यात अंदमानला दोनदा जाऊन आलेय. एकदा सपशेल फसले, एकदा मस्त जमलं. महिना दोन्ही वेळा मेच होता, फरक होता तो तारखांचा.

स्वस्तात मिळालं म्हणून...

पहिली खेप २०२२ ची. आम्ही चार मुली, पहिल्या-दुसऱ्या नोकरीचे पैसे आणि एका ट्रॅव्हल एजंटने दिलेला घसघशीत डिस्काउंट. तो एवढा का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. निघायची तारीख २१ मे. त्या वर्षी मान्सून अंदमानच्या समुद्रात १६ मेलाच पोचला होता. बातमी आम्ही वाचली आणि चक्क खूष झालो. पाऊस, बीच, हातात कॉफी... कसलं रोमँटिक!

माझे आजोबा भगूरचे. नाशिकजवळचं हे गाव, सावरकरांचं जन्मगाव. आजोबा तिथे शाळेत मास्तर होते. ‘माझी जन्मठेप’ त्यांनी किती वेळा वाचलं असेल देव जाणे. पण स्वतः अंदमानला कधी गेले नाहीत, आधी परवडलं नाही आणि नंतर गुडघे. मी निघाले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. ‘कोठडीचा आतून फोटो काढून आण. बाहेरून नको, बाहेरचे सगळे काढतात.’

एजंटने आखलेल्या प्लॅनमध्ये सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी होतं. उतरलात की थेट हॅवलॉकची बोट, तिथे तीन रात्री, मग परत पोर्ट ब्लेअर, जेल आणि विमान. कागदावर झकास.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी स्कुबाला पाण्यात शिरलो, तर ताकाच्या भांड्यात डोकं घातल्यासारखं! इन्स्ट्रक्टरचा हात दिसत होता, मासे नाहीत. संध्याकाळपासून वारा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी बोटी बंद. चौथ्या दिवशीही बंद. आम्ही रिसॉर्टच्या रूममध्ये पत्ते कुटत होतो, वाढलेल्या रात्रींचं भाडं भरत होतो आणि दर तासाला जेटीवर जाऊन विचारत होतो. तिथला माणूस शांतपणे समुद्राकडे बोट दाखवायचा. पाचव्या दिवशी पहाटे सरकारी बोट सुटली. भिजत रांगेत उभं राहून तिकिटं मिळवली. पोर्ट ब्लेअरला उतरलो तेव्हा विमानाला दोन तास उरले होते. टॅक्सीवाल्याने लांबूनच दाखवलं, ‘वो देखो मॅडम, जेल.’

आजोबांना फोनवर सांगितलं, राहिलं म्हणून. ते म्हणाले, ‘असू दे गं. समुद्र काय, कुणाचं ऐकतो थोडाच.’ आणि विषय बदलला. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

वाऱ्याचं गणित

परत आल्यावर मी तेव्हा जे करायला हवं होतं ते केलं. अभ्यास.

झालं असं, की आपण हवामान बघतो ते आपल्या गावाच्या डोळ्यांनी. पुण्या-मुंबईत पाऊस जूनचा, म्हणून मे कोरडा. पण नैऋत्य मान्सून आपल्या देशात पहिल्यांदा पाय ठेवतो तो अंदमान-निकोबारच्या बाजूलाच. साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे केरळच्या आधी आठ-दहा दिवस. तेही पक्कं नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये तो निकोबारला १९ मेला पोचला, २०२५ मध्ये तर १३ मेलाच! त्याच वर्षी मुंबईत २६ मेला मान्सून जाहीर झाला आणि छत्र्या माळ्यावर असलेली मंडळी भिजली, ते आठवत असेलच.

याच्या आधीचे काही आठवडे मात्र भलतेच गोड असतात. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे दमलेले, नैऋत्येचे अजून जागे व्हायचे. मार्च-एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला या मधल्या काळात समुद्र अक्षरशः काचेसारखा पडून राहतो. लाटा नाहीत म्हणून तळाची वाळू ढवळली जात नाही आणि पाणी आरपार दिसतं. बोट लागणाऱ्यांना (मी त्यातलीच!) यासारखा काळ नाही.

पोर्ट ब्लेअरला मेमध्ये सरासरी तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, असा आकडा कुठेतरी दिसतो आणि लोक घाबरून बेत रद्द करतात. त्यातला बराचसा पाऊस महिन्याच्या उत्तरार्धात असतो. महिन्याची सरासरी म्हणजे ऑफिसमधल्या सरासरी पगारासारखी. तुमच्या खिशात काय, ते तिच्यावरून कळत नाही.

बरं, उकाडा? आहेच. पारा ३१-३२च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या चाळिशीपुढे किरकोळ. पण घाम वाळत नाही. दादरला मेमध्ये लोकलची वाट बघत उभं राहिल्याचा अनुभव गाठीशी असेल, तर निभावेल. पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना पहिले दोन दिवस जड जातात. आणखी एक गंमत म्हणजे बेटं आपल्यापेक्षा पूर्वेला खूप लांब, पण घड्याळ आपलंच. मेमध्ये पाचच्या आधीच उजाडतं आणि साडेपाच वाजून गेले की सूर्य गुल! सुटीत दहाला उठणाऱ्यांचा अर्धा दिवस वाया. तिथे पहाटे पाच ते दहा हिंडायचं, दुपारी झोपायचं आणि चारला पुन्हा पाण्यात.

सहा पावलं, चार पावलं

दुसऱ्यांदा गेले ते २०२४ मध्ये, २ ते ८ मे. यावेळी आम्ही दोघीच. विमानाचं तिकीट महाग पडलं, कारण मेचा पहिला आठवडा म्हणजे शाळांच्या सुट्या आणि चेन्नई, कोलकात्यामार्गे जाणारी सगळी विमानं भरलेली. डिस्काउंटचा तर प्रश्नच नव्हता. हॉटेल मात्र रद्द करता येईल असं घेतलं होतं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, तो तीन गुरुवार बघितला आणि मगच बोटीची तिकिटं काढली.

यावेळी जेल पहिल्याच दिवशी. विमानतळावरून हॉटेल, बॅगा टाकल्या आणि सरळ तिकडे.

इमारत १९०६ मध्ये बांधून झाली. मधल्या मनोऱ्यापासून सात हात फुटलेले होते, आज त्यातले तीन उरलेत. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला. १९११ मध्ये त्यांना इथे आणलं आणि दोघा भावांना इथून हलवलं ते १९२१ च्या मे महिन्यात. हे मला तिथे उभं असताना आठवलं. बाहेर गर्दी होती, पण सगळे सेल्फीपुरतेच आत येत होते. तेवढ्यात थोडी सामसूम झाली आणि मी भगूरला फोन लावला.

फोटोचा आता उपयोग नव्हता. मधल्या दोन वर्षांत काचबिंदूने आजोबांची नजर नेली होती. २०२२ मध्ये त्यांना मोठ्या फॉन्टचा पेपर वाचता येत होता.

‘आत आहेस?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘मग चाल. भिंतीपासून दारापर्यंत. मोठ्याने मोज.’

मी मोजलं. लांबीला सहा पावलं, रुंदीला चार, तीही जेमतेम.

‘खिडकीतून समुद्र दिसतो?’

‘खिडकी खूप वर आहे आजोबा. नुसता उजेड येतो.’

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजीचा आवाज आला, ‘अहो, आता कुठे निघालात?’ आजोबा पलंगापासून दाराकडे पावलं मोजत निघाले होते.

पाण्याखाली

त्यानंतरचे पाच दिवस म्हणजे निव्वळ सुख. हॅवलॉक (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप, पण जेटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात), मग नील, म्हणजे शहीद द्वीप. राधानगरच्या किनाऱ्यावर सकाळी सहाला समुद्र इतका गप्प होता, की आम्हीही हळू आवाजात बोलायला लागलो.

पण हे चित्र मी नुसतंच गुलाबी रंगवणार नाही. नीलला पाण्याखाली इन्स्ट्रक्टरने बोटाने एक-दोन जागा दाखवल्या. प्रवाळ खडूसारखं पांढरं पडलं होतं. ज्या शांत समुद्रावर आपण खूष होतो, तोच वारा नसल्यामुळे तापत जातो. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींमधलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अंदमानात २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं, २०२४ मध्ये लक्षद्वीपला फटका बसला. तेव्हा कोरल बघायलाच जात असाल, तर जानेवारी ते मार्च बरा. मेमध्ये गेलात तर निदान त्यावर पाय ठेवून उभं राहू नका. लोक राहतात हो!

मेएन्डच हवा असेल तर?

हा बँकवाल्याचा हट्ट. रजा तेव्हाच मिळते म्हणे. तर मग अंदमान सोडा. लक्षद्वीपही सोडा, तिथे परमिटची भानगड वेगळी आणि मेच्या मध्यानंतर पर्यटकांच्या बोटी जवळपास थांबतात. आपल्या मालवणलाही मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद. थायलंडला फुकेत-क्राबीच्या बाजूला तोच नैऋत्य मान्सून, सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून पाच महिने बंदच असतात. मालदीवला पाऊस सुरू झालेला असतो, दर उतरलेले असतात. तिथे बेटावरून हलायचंच नसेल, तर जुगार खेळायला हरकत नाही.

विषुववृत्ताच्या खाली उतरलात तर मात्र मामला उलटा. बालीला एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू. श्रीलंकेचंही गंमतशीर आहे. मेमध्ये कोलंबो-गॉलच्या बाजूला पाऊस, पण पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीला ऊन आणि शांत समुद्र. एकाच बेटाच्या दोन बाजू, दोन ऋतू.

आणि अंदमानच हवं असेल, तर मेच्या दहा तारखेच्या आत परत या. स्कुबा केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात, बरेच इन्स्ट्रक्टर २४ सांगतात. त्यामुळे शेवटचा एक अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) रिकामा ठेवाच. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. बोट अडकली, तर तोच दिवस तुम्हाला विमानापर्यंत पोचवतो. नाही अडकली, तर बाजारात नारळपाणी प्या.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही, फक्त निळ्या टिका. मग शाळावालीने लिहिलं, निकाल ३० एप्रिलला आहे, मला जमेल. आयटीवालीने बॉसला मेल टाकला. रात्री साडेअकराला बँकवाला उगवला, ‘मॅनेजर म्हणतोय ३ ते ९ मे, पण रविवारी रात्रीच परत आलास तर.’

‘मग एक दिवस कमी करू,’ आयटीवाली. ‘तो शेवटचा रिकामा दिवस उडवूया का?’

मी फक्त लिहिलं, ‘राधानगरची एक रात्र उडवा.’ आणि खाली, ‘जेल पहिल्या दिवशी.’