ज्वारीचे मोड आणि घरची बीअर



आजच्या भाषणाचा विषय ऐकताच कित्येक घरांतील वडील मंडळी रेडिओचे बटण फिरविण्यासाठी पुढे सरसावली असतील. त्यांना माझी विनंती एवढीच की, थोडा धीर धरावा. मी कोणास मद्यपानाची दीक्षा द्यावयास आलेलो नाही. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि 'विकण्यासाठी नव्हे, हौसेखातर केले' ही सबब तेथे चालत नाही. परंतु विलायतेत आणि अमेरिकेत असंख्य सुशिक्षित गृहस्थ सुटीच्या दिवशी स्वयंपाकघरात बीअर तयार करतात, त्याची टिपणे ठेवतात, मित्रांना चाखावयास देतात. या छंदाचा आपल्या घरांशी काही संबंध असेल असे मलाही वाटत नव्हते. तो संबंध मला माझ्या आईने दाखविला.

गेल्या वैशाखात मी भडगावास होतो. गिरणाकाठचे हे आमचे गाव. उन्हाळ्यात अंगणात पाऊल टाकवत नाही असे ऊन. खानदेशातील गृहिणी मात्र याच उन्हाची वर्षभर वाट पाहतात, कारण बिबडे आणि कुरडया वाळवावयास दुसरे ऊन नाही. इंग्लंडात नोकरीस असलेला माझा भाचा त्याच वेळी आला होता. बोलता बोलता तो आजीला म्हणाला, "आजी, मी तिकडे घरीच बीअर करतो."

आईच्या हातातला पळा थांबला. "अरे, घरात दारू गाळतोस की काय?"

"गाळत नाही गं आजी, आंबवतो."

"आंबवतोस? म्हणजे आमच्या बिबड्यांसारखं?"

भाचा हसला, पण थोडा विचार केल्यावर त्याच्या लक्षात आले की, आजीचा प्रश्न अगदी बरोबर होता. गाळणे आणि आंबवणे यांतील भेद आईने एका शब्दात पकडला होता. महुआची दारू आधी आंबवून मग भट्टीवर चढवितात आणि तिची वाफ थंड करून धरतात. बीअर भट्टीवर चढत नाही. धान्य, पाणी आणि यीस्ट यांचे ते केवळ आंबवण आहे.

आता धान्य आंबून बीअर कशी होते ते पाहू. दाण्यात साखर नसते, पिठूळ सत्त्व असते, आणि यीस्टला ते खाता येत नाही. पण दाण्याला मोड फुटू लागला की, कोवळ्या अंकुराला पोसण्यासाठी दाणा स्वतःच एक पाचक द्रव्य निर्माण करतो आणि ते सत्त्वाची साखर करते. म्हणून बीअर करणारे जव भिजवितात, चारपाच दिवस मोड येऊ देतात, आणि ऐन वेळी वाळवून त्याची वाढ थांबवितात. हे वाळलेले मोडाचे धान्य भरडून सुमारे ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की पाणी गोड होते. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले टाकून ते उकळतात, निववितात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व वायू करते.

मग आमच्या बिबड्यांची बीअर का होत नाही? ज्वारी कांडून दोनतीन दिवस पाण्यात ठेवली म्हणजे ती आंबते खरी. पण कांडताना दाण्याचा कोंब बव्हंशी गेलेला असतो, आणि जो राहतो तो पाण्यात बुडालेला असल्यामुळे फुटत नाही. साखर होत नाही, तेव्हा मद्यार्कही होत नाही. जी होते ती केवळ आंबटाई. हा फरक एका मोडाचा आहे.

तो मोड आफ्रिकेतील स्त्रियांनी कधीच ओळखला होता. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच; तेथून ती फार प्राचीन काळी आपल्याकडे आली. तेथे मोडाच्या ज्वारीची दाट, गढूळ, आंबूस बीअर घरोघर होते, आणि ती टिकत नसल्याने दोनतीन दिवसांतच संपवावी लागते. ज्वारीचा एक खोडसाळपणा येथे सांगितला पाहिजे. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात हे आपले शेतकरी जाणतात. तेच विषारी द्रव्य मोडातही असते. आफ्रिकेत मोडाचे धान्य वाळवून पुढे शिजवितात, त्यात ते बरेच निघून जाते.

भाच्याच्या छंदात मला सर्वांत अधिक आवडली ती त्याची वही. कोणत्या दिवशी किती अंशांवर काय केले, कोणती बरणी बिघडली, का बिघडली, सारे त्यात लिहिलेले. त्याचे म्हणणे असे की, या कामाचा बहुतेक भाग भांडी धुण्याचा आहे, कारण नको ते जंतू शिरले की सर्व श्रम फुकट. पाश्चरने १८७६ साली बीअरवर आपला ग्रंथ लिहिला तो याच बिघाडांचा शोध घेत, आणि १८८३ साली कोपनहेगन येथे हान्सेनने यीस्टची एक एक पेशी वेगळी करून शुद्ध वाण वाढविला. शिवाय यीस्ट नाजूक. त्याला वीस अंशांच्या आसपास सुख वाटते. आमच्या वैशाखातील बेचाळीस अंशांत त्याच बरणीला कसला वास येईल याची कल्पना करवत नाही!

पण हा छंद म्हणावा की गुन्हा, हे बरणीवर अवलंबून नसते. इंग्लंडात १९६३ पर्यंत घरच्या बीअरला परवाना लागे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली, आणि आता दोन प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत मुभा आहे. उलट नाताळ प्रांतात १९०८ च्या कायद्याने आफ्रिकी स्त्रियांची ज्वारीची बीअर बंद करून नगरपालिकेने तीच बीअर स्वतः विकावयास घेतली. डर्बनच्या नगरपालिकेचे आफ्रिकी वस्तीवरील बरेचसे प्रशासन या विक्रीच्या पैशावर चाले. १९५९ च्या जूनमध्ये केटो मॅनॉर येथील स्त्रिया त्या सरकारी गुत्त्यांवर चाल करून गेल्या. त्यांच्या घरची बीअर पोलिसांनी ओतून दिली होती. पती मात्र पगार घेऊन गुत्त्यात जात होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरची भट्टी विझविली आणि मक्तेदाराच्या दुकानाची वाट दाखविली. पुढे १९३८ साली, पश्चिम खानदेशच्या तळोदे तालुक्यात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, गुलाम महाराजांनी सातपुड्यातील आदिवासी बांधवांना मद्य सोडण्याचा उपदेश केला आणि हजारो लोक त्यांच्याकडे जमले. एकाने सक्तीने घरची दारू बंद केली ती सरकारच्या तिजोरीसाठी. दुसऱ्याचे ऐकून लोकांनी ती आपण होऊन सोडली ती आपल्या घरासाठी. दारूबंदीविषयी बोलताना हे दोन प्रकार एकाच मापाने मोजू नयेत असे मला वाटते.

असो. बीअरचे मर्म पाहावयाचे असेल, तर कायदा न मोडता ते आपल्या चुलीवर दिसते. ज्वारी सोडून गहू किंवा नाचणी घ्यावी. मोड आणून, वाळवून, दळून ठेवावी. मग कोणत्याही पिठाची दाट पेज शिजवून खाली उतरवावी, आणि तीत बोट क्षणभरच ठेववेल इतकी ती निवली की चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळावे. फार गरम असताना घातले तर पाचक द्रव्य मरते. पाचदहा मिनिटांत पळा उभा राहणारी पेज पातळ होऊन ओघळू लागते. तान्ह्या मुलास आणि आजाऱ्यास थोड्या पातळ पेजेतून अधिक अन्न पोटात घालावयाची ही युक्ती चांगली. मात्र ढवळल्यावर पेजेला पुन्हा एक उकळी द्यावी.

भाच्याने भडगावास हे करून दाखविले तेव्हा आईने पेज चाखली आणि म्हणाली, "गोड लागते रे." मग तिने उरलेले मोडाचे पीठ डब्यात भरून झाकण लावले, आणि नातसुनेच्या बाळाला उष्टावण झाल्यावर द्यायचे म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवला.