घरी पियानो आहे? आधी झाकण उघडा!

तुमच्या घरात पियानो आहे? कीबोर्ड नाही हं, खराखुरा, लाकडाचा आणि तारांचा. नसेल तरी वाचा. आजोळी, मैत्रिणीकडे, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर कॉलेजच्या म्युझिक रूममध्ये एखादा असू शकतो. त्याच्यावर मखमली कव्हर, कव्हरवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फोटोफ्रेम. आणि जवळ गेलं की कुणीतरी ओरडणार, ‘हात लावू नको, बिघडेल!’

आमच्या वसईच्या घरात अगदी हेच होतं. आत्या त्या पियानोवर कित्येक वर्षं मुलांना शिकवायची. रिटायर झाल्यावर ती मुलाकडे नाशिकला गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून पियानो आमच्याकडेच राहिला. आम्ही तो इतका जपला, इतका जपला की सहा वर्षं कुणी उघडलाच नाही. मागच्या जुलैत आत्याचा फोन आला, ‘यंदा नाताळला येतेय. कॅरल्स मीच वाजवणार.’

मी झाकण उघडलं. आधी बुरशीचा वास आला. मग मधली एक पट्टी दाबली, ती खाली गेली आणि तिथेच बसली. वर येईना.

इथे मी जे केलं ते तुम्ही प्लीज करू नका. मम्मीच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि पट्टीच्या फटीत दोन थेंब सोडले. दार कुरकुरलं की आपण तेल घालतोच ना? पण पट्टी अडकली होती ती गंजामुळे नाही. प्रत्येक पट्टी ज्या खिळ्यावर हलते, तिथे लोकरीच्या फेल्टचं बारीक अस्तर असतं. ते पावसाळ्यात फुगतं आणि पट्टी आवळून धरतं. तेलाने ते आणखी फुगलं, वर धूळ चिकटली. एका पट्टीच्या जागी तीन अडकल्या. आत्याला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्याच जुन्या वहीतून ट्यूनर अंकलचा नंबर शोधला.

अंकल आले, पुढची फळी काढली आणि आधी मला आत बघायला लावलं. तुम्हीही एकदा बघाच. 88 पट्ट्या, साधारण 230 तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण 15 ते 20 टन! तो पेलायला आत लोखंडाची भलीमोठी चौकट असते. पण आवाज मोठा होतो तो मागच्या लाकडी पडद्यामुळे, म्हणजे साउंडबोर्डमुळे. स्प्रूस लाकडाची ही फळी जेमतेम सेंटिमीटरभर जाड. पावसाळ्यात आपल्याकडची लाकडी दारं फुगून बंद होत नाहीत, आठवतंय? तसंच हे. साउंडबोर्ड ओल पितो, फुगतो, तारांना वर ढकलतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. पावसाळा संपला, हवा कोरडी झाली की फळी आकसते आणि सूर उतरतो. बरं, सगळ्या तारा सारख्या चढत-उतरत नाहीत, म्हणून पियानो बेसूर होतो. कुणी न वाजवताही होतो! 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने पहिले पियानो बनवले, तेव्हा त्याच्यासमोर कोकणातला जुलै नव्हता.

पियानोला बरी हवा म्हणजे साधारण 40 ते 50 टक्के आर्द्रता, आणि ती फार वरखाली न होणारी. आपल्याकडे पावसात ती 80 च्या वर जाते. म्हणून पहिली खरेदी हायग्रोमीटरची करा. छोटासा असतो, पियानोजवळ ठेवून द्यायचा. जुने लोक उभ्या पियानोच्या खालच्या कप्प्यात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, आत ऊब राहावी म्हणून. मी लगेच उत्साहाने लावला... एलईडी. तो तापतच नाही, अंकल पोटभर हसले. जुना पिवळा बल्बच लागतो, तोही लाकूड-फेल्टला न टेकता, ट्यूनरकडून नीट बसवून घेतलेला. घरात कुणी नसताना चालू ठेवायचा नाही. आणि हवा कोरडी झाली की बंद, नाहीतर साउंडबोर्डला चिरा जायच्या. नागपूरकरांनो, तुमचं उलटं. मे महिन्यात लाकूड वाळतं, म्हणून पियानो कूलरसमोर ठेवाल तर तेही नको, तो झोत थेट ओला असतो.

जागेचंही तेच. आमचा पियानो पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होता, जिच्यावर पाऊस थेट आपटतो. चौघांनी मिळून तो आतल्या भिंतीकडे नेला आणि मागे वीतभर फट ठेवली. एकट्याने ढकलायला जाऊ नका, उभा पियानो दोन-अडीचशे किलोंचा सहज असतो आणि मागच्या बाजूला जड. त्याची चाकं दिसतात छान, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

हातोड्यांवरही लोकरच असते, म्हणजे कसर आलीच. आमच्या चार हातोड्या कुरतडलेल्या निघाल्या. कपाटातल्या स्वेटरला लागते तीच कीड, अंधारात, शांतपणे. आता वाटतं, आम्ही रोज दहा मिनिटं जरी वाजवला असता तरी या सगळ्याचा पत्ता पहिल्याच महिन्यात लागला असता. वाजवल्याने फेल्ट झिजतं, हे खरंय. पण झिजायला वर्षं लागतात आणि ते दुरुस्तही होतं. बंद ठेवल्याने काय होतं ते आम्ही बघितलं.

पुसायचं कसं? मऊ सुती कापड, किंचित ओलसर, घट्ट पिळलेलं, लगेच मागून कोरडं. स्प्रे थेट पट्ट्यांवर कधीच नाही. पाण्याचा ग्लास, फुलदाणी वर नाही. झालं.

ट्यूनिंग मात्र अंकलनी लगेच केलं नाही. ऑगस्टमध्ये लावलेला सूर डिसेंबरपर्यंत टिकणार नाही, म्हणाले. तेलकट फेल्ट बदललं, पट्ट्या मोकळ्या केल्या, हातोड्यांचं काम केलं आणि नोव्हेंबरच्या शेवटी परत आले. वर्षातून दोनदा सूर लावणं उत्तम, एकदाच जमत असेल तर असा हवा स्थिरावल्यावर.

तेव्हा खरी बातमी कळली. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्या जाड लाकडात घट्ट रुतलेल्या असाव्या लागतात. आमच्या बऱ्याच सैल झाल्या होत्या. तारा गंजलेल्या. मूळ सुरापर्यंत ओढल्या तर तुटतील किंवा खुंटी धरणारच नाही. अंकल म्हणाले, ‘एक सेमीटोन खाली लावतो. स्वतःशी सुरात राहील. पण सी दाबलास की बी ऐकू येईल.’ खुंट्या, तारा सगळं बदलता येतं, पण तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. एवढ्या कामातच माझ्या इंटर्नशिपचा स्टायपेंड संपला होता.

आत्या 23 डिसेंबरला आली. बॅग ठेवली, हात धुतले, बसली. एक कॉर्ड वाजवला आणि थांबली.

‘खाली आहे हा.’

मग मी सगळं सांगितलं. तेल, एलईडी, कसर, सगळं. ती काही बोलली नाही. अगदी खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एकेक दाबत गेली, सगळ्या 88. मध्ये दोनदा मागे वळून तीच पट्टी पुन्हा दाबली.

‘कॉयरच्या पोरांना सांग, यंदा गाणी खालून घ्यायची,’ ती म्हणाली. ‘आणि त्या फ्रेम काढ गं वरून. केव्हाच्या खणखणतायत.’