दुखऱ्या घशाचं निदान

घसा दुखू लागला की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो: मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध आणि दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेलं अ‍ॅझिथ्रोमायसिन. पहिल्या दोन्हींनी नुकसान नाही. तिसरं मात्र बहुधा वाया जातं, कारण बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि विषाणूंपुढे प्रतिजैविकाचं काही चालत नाही. ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ या जिवाणूचा वाटा मुलांमध्ये साधारण २० ते ३० टक्के, मोठ्यांमध्ये ५ ते १५ टक्के.

हा वाटा वेगळा काढण्यासाठी अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये चार खुणा मांडल्या: ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूला सुजलेल्या, दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. १९९८ मध्ये कॅनडातील वॉरन मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली, कारण हा आजार मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा. नाक गळतंय, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर संशय विषाणूवरच. पण चारही खुणा जुळल्या तरी खात्री जेमतेम निम्मी. ग्रंथिज्वरातही टॉन्सिलवर पांढरा थर दिसतो; घटसर्पात राखाडी पापुद्रा धरतो आणि तो ओढला तर रक्त येतं.

म्हणून स्वॅब घ्यावा लागतो; दोन्ही टॉन्सिल आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून, जिभेला न लावता, औषध सुरू करण्याआधी. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं. ती पॉझिटिव्ह आली तर सहसा खरी. निगेटिव्ह आली तर मुलांच्या बाबतीत कल्चर करून घ्यावं. त्याला एक-दोन दिवस लागतात. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी रक्ताची एएसओ तपासणी इथे उपयोगाची नाही. तिच्यात मोजली जाणारी पातळी आठवडाभराने वाढू लागते, म्हणजे ती होऊन गेलेल्या संसर्गाची साक्ष देते.

एवढा खटाटोप घशासाठी नाही. घसा आठवड्याभरात आपोआपही बरा होतो. भीती असते ती त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या संधिज्वराची. त्यात सांधे सुजून बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. पेनिसिलिनने हे टळतं, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या वायोमिंगमधील लष्करी तळावर सिद्ध झालं. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू केलं तरी हा बचाव होतो, म्हणजे तपासणीच्या निकालाची वाट पाहायला सवड असते. या जिवाणूवर पेनिसिलिन आजही लागू पडतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनला मात्र तो काही ठिकाणी दाद देईनासा झाला आहे.

भारतात झडपांचा हा विकार अजून तरुणांना गाठतो. तेव्हा मुलाला ताप आहे, गिळवत नाही आणि खोकला नाही, असं दिसलं तर मेडिकलवाल्याला नव्हे, डॉक्टरांना दाखवा. स्वॅबबद्दल स्वतःहून विचारा. आणि दहा दिवसांचा कोर्स दिला असेल, तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तो पुरा करा.