पहिली कादंबरी : वहीपासून पुस्तकापर्यंत

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तोही मुंबईत नव्हे, तेल अवीवमध्ये. मध्ये चाळीस वर्षे गेली. मुंबईत १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी शाळा काढणारा हा कर्ता पुरुष आपला ग्रंथ छापलेला न पाहताच निवर्तला. पुढे डॉ. इम्मानुएल ओल्सवांगर झायनिस्ट कार्यासाठी हिंदुस्थानात आले, हस्तलिखित त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. आज आपल्याविषयी कोणीही काही लिहायला बसला की पहिल्यांदा तेच पुस्तक उघडतो.

या हकिकतीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. केहिमकरांनी ग्रंथ इंग्रजीत लिहिला होता. ओल्सवांगर मोठे भाषापंडित; भगवद्गीतेचे हिब्रू भाषांतर त्यांचेच. तरीही हाताने लिहिलेली मराठी पाने त्यांना कितपत उलगडली असती, कोण जाणे. आणि आम्ही तर मराठीतच लिहितो.

हा विषय आज घेण्याचे कारण असे, की आम्ही वयाच्या सत्तरीनंतर एक कादंबरी लिहिली आहे. अलिबाग तालुक्यातले एक तेल्याचे घर, त्यातला घाणा, शनिवारी बंद राहणारा, आणि त्या घरातली माणसे एकेक करून आगबोटीकडे निघालेली. सात वह्या भरल्या. आमच्या नातवंडांना मराठी बोललेली थोडीफार समजते, वाचता येत नाही. आमच्या पश्चात त्यांनी पेटी उघडली तर ही वाण्याची उधारीची वही की कादंबरी, हे त्यांना कोण सांगणार? आपल्या वाचकांपैकी लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथील काहींच्या कपाटातही अशा वह्या आहेत हे आम्हाला पत्रांवरून ठाऊक आहे. म्हणून वहीचे पुस्तक कसे होते, हे जमेल तितके सविस्तर सांगतो.

इस्राएलातील वाचकांसाठी आमच्या गावाचे दोन शब्द. आयसेलिन हे न्यू जर्सीतील वुडब्रिज टाउनशिपमधले गाव. मेट्रोपार्क स्टेशनावरून न्यूयॉर्कला गाडी मिळते. येथील ओक ट्री रोडवर साड्या, सोने, मिठाई, पोहे, कोकम, सगळे काही मिळते. बोलणे मात्र बहुतेक गुजराती, हिंदी, तेलुगू कानावर येते. मराठी कादंबरी विकणारे दुकान आमच्या पाहण्यात नाही. म्हणजे लिहायचे येथे आणि छापायचे पुण्या-मुंबईत, ही पहिली अडचण.

पण त्याही आधी भाषेचा प्रश्न येतो. आपल्या समाजातील ज्या स्त्रियांनी कादंबऱ्या लिहिल्या त्यांच्याकडे पाहावे. मीरा महादेवन मूळच्या आपल्याच समाजातल्या. दिल्लीत बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी १९६९ साली ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू करणाऱ्या म्हणून जगाला त्या माहीत आहेत. त्याच्या कितीतरी आधी, १९६१ साली, त्यांची ‘अपना घर’ ही कादंबरी हिंदीत प्रसिद्ध झाली. इस्राएलला जावे की येथेच राहावे, या प्रश्नाने ढवळून निघालेल्या बेने इस्राएल घराची ती कथा. १९७५ साली ती ‘शूलामिथ’ या नावाने इंग्रजीत आली. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड या शिल्पकार आणि कलासमीक्षक. त्यांची पहिली कादंबरी ‘द वॉल्ड सिटी’ १९९७ साली आली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे ‘बुक ऑफ रेचल’साठी त्यांना २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती कोकणातल्या एका सिनेगॉगची एकटीने राखण करणाऱ्या म्हाताऱ्या बाईची गोष्ट आहे. आपल्या वाचकांनी मिळवून वाचावीच. तिसऱ्या शीला रोहेकर. त्या हिंदीत लिहितात आणि त्यांची ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ २०१३ साली आली.

तिघींपैकी एकीनेही या कादंबऱ्या मराठीत लिहिल्या नाहीत. यात दोष काढण्यासारखे काही नाही. ज्या भाषेत माणूस रोज वावरतो, ज्या भाषेतले संपादक आणि वाचक त्याच्या अवतीभवती असतात, तीत तो लिहितो. मात्र आजी चुलीपाशी ज्या भाषेत बोलत होती तीत तिचे बोलणे लिहायचे असेल तर ते काम आमच्याच पिढीला करावे लागेल. आमच्यानंतरच्यांना मराठीच्या शाळेचा बाक मिळालेला नाही.

मराठी कादंबरीत ज्यू मुलगी आली ती १९३९ साली, विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये. युरोपातून निघालेल्या बोटीवर हेर्टा नावाची जर्मन निर्वासित मुलगी आणि चक्रधर हा मराठी तरुण यांची ती कथा. बेडेकरांची ती पहिली कादंबरी आणि शेवटचीही. नाटके, चित्रपट, आत्मचरित्र असे पुष्कळ त्यांनी केले, पण दुसरी कादंबरी लिहिली नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही त्यांची पहिली कादंबरी १९६३ साली, वयाच्या पंचविशीत आली. ती पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी छापली. नवख्या मुलाचे इतके वेगळे पुस्तक काढणारा प्रकाशक त्या वेळी होता, ही गोष्ट पुस्तकाइतकीच महत्त्वाची. पंचविशीतल्या लेखकाला प्रकाशक शोधत बसायला पुढे आयुष्य पडलेले असते. आम्हाला तेवढी सवड नाही, म्हणून कामाची माहिती अगोदरच असलेली बरी.

पहिले काम टंकलेखनाचे. आता हस्तलिखित कोणी घेत नाही. मजकूर संगणकावर युनिकोड पद्धतीने उतरवून घ्यावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची भेळ होते, आणि प्रकाशकाकडे तो रूपांतरित करताना ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला र नेमका घात करतो. टाइप करून देणारे पुण्या-मुंबईत पानावर दर लावतात. मूळ वही कधीही टपालाने पाठवू नये. पानांचे फोटो काढून पाठवावेत. हे काम नातवंडे आनंदाने करतात आणि करता करता आजोबांचे अक्षर तरी पाहतात.

दुसरे काम शब्दांचे, आणि आमच्या मते सर्वांत अवघड. ‘शब्बाथ’ लिहायचे की ‘शब्बात’? ‘एलियाहू हन्नबी’ की ‘एलिया नबी’? घरी जसे म्हणत होतो तसे एकदा ठरवावे आणि प्रत्येक शब्दाची यादी करून टाइप करणाऱ्याला द्यावी. नाहीतर पान दहावर एक आणि पान दोनशेवर दुसरे, असे होते. त्याहून नाजूक बाब म्हणजे जे शब्द बाहेरच्या मराठी वाचकालाही ठाऊक आहेत, पण वेगळ्या अर्थाने. ‘मलिदा’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे गूळ घालून कुस्करलेली पोळी येते. आपला मलिदा भिजवलेल्या गोड पोह्यांचा, खोबरे आणि फळे घालून केलेला, एलियाहू हन्नबीच्या नावाने. ‘मशीद’ हा तर त्याहून मोठा घोटाळा. आपले वडीलधारे सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईतले १७९६ सालचे शाआर हारहामीम ही जुनी मशीद, आणि मशीद बंदरचे नाव तिच्यावरूनच पडले असे म्हणतात. कादंबरीतली म्हातारी ‘मशिदीत जाऊन येते’ म्हणाली तर पुण्याचा वाचक तिला मुसलमान समजेल. एका संपादकांनी आम्हाला सुचवले, की पानाखाली टिपा द्या. आम्हाला ते पटले नाही. गोष्ट ऐकताना मध्येच कोणी शब्दकोश उघडत नाही. म्हातारीच्या डोक्यावरचा पदर, आत शेमा म्हणणारे पुरुष, तेवाजवळचा दिवा, एवढे दोन ओळींत आले की वाचक आपोआप समजतो. दार फळणीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा सण ही नावेही आम्ही तशीच ठेवली. योम किप्पूर हा शब्द कोठेही वाचता येईल. ‘दार फळणे’ आपल्याखेरीज कोण सांगणार?

तिसरे काम प्रकाशक शोधण्याचे. सगळी कादंबरी एकदम पाठवू नये. दोन पानांत कथानक, पहिली दोन-तीन प्रकरणे आणि लेखकाची थोडकी ओळख एवढे पुरे. पाठवण्यापूर्वी त्या प्रकाशकाची अलीकडची पाच पुस्तके पाहावीत. नुसती पाककृतींची आणि यशाची गुरुकिल्ली सांगणारी पुस्तके काढणाऱ्याकडे कादंबरी धाडून उपयोग नाही. उत्तराला महिने लागतात. एका ठिकाणाहून आम्हाला अकरा महिने काहीच कळले नाही, मग दोन ओळींचा नकार आला. दुसऱ्या एका ठिकाणाहून चारच दिवसांत होकार आला आणि त्यासोबत पैशांचा आकडा. इतक्या घाईने आलेल्या होकाराबद्दल सावध राहावे. त्या आकड्यात किती प्रती, कोणता कागद, मुद्रितशोधन कोण करणार, प्रती कोठे ठेवणार, यांपैकी एकाही प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते.

स्वखर्चाने पुस्तक काढणे यात कमीपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी हजार-दोन हजारांची आवृत्ती सर्रास निघे, आता तीनशे-पाचशेवर भागवतात, आणि प्रकाशकही पोटासाठीच धंदा करतो. पण खर्च आपण करणार असू तर प्रती आपल्या, हक्क आपले आणि हिशेब लेखी, हे ठरवून घ्यावे. प्रकाशक स्वतः पैसे घालणार असेल तर लेखकाला मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मिळते. करारात भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. आपल्या बाबतीत इंग्रजी किंवा हिब्रू भाषांतर ही पोकळ आशा नाही. ‘अपना घर’चे झालेच ना! पुस्तकावर छापायचा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, अमेरिकेत एका क्रमांकाला सव्वाशे डॉलर पडतात. भारतात कोणी त्याचे भरमसाट पैसे मागितले तर काय समजायचे ते समजावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे; ज्यांचे कोणी महाराष्ट्रात राहते त्यांनी तिचे नियम मागवून पाहावेत.

ज्यांची मुले येथे इंग्रजीत लिहितात त्यांची वाट निराळी. अमेरिकेतील मोठे प्रकाशक लेखकाकडून थेट काही घेत नाहीत, मध्ये एजंट लागतो. एजंटाला एका पानाचे पत्र पाठवायचे. त्याला पुस्तक आवडले तर तो प्रकाशक मिळवून देतो आणि लेखकाच्या मिळकतीतून बहुधा पंधरा टक्के घेतो. मिळकतीच्या आधी, नुसते वाचण्याचे म्हणून जो पैसे मागतो तो खरा एजंट नव्हे.

आता आपल्या वयाच्या लेखकांसाठी एक खास गोष्ट, जी कोणी बोलत नाही. लिहून झालेल्या मजकुराचा हक्क लिहिल्या क्षणापासून लेखकाचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरही राहतो, अमेरिकेत सत्तर वर्षे, भारतात साठ वर्षे. तो वारसांकडे जातो. चार मुले चार देशांत असली की पुढे कोणी पुस्तक पुन्हा छापू म्हणाले, तर चौघांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. तेव्हा मृत्युपत्रात घर आणि दागिने यांच्याबरोबर एक ओळ वह्यांसाठीही घालावी : हे कोणाकडे जावे आणि कोणी सही करावी. आम्ही ती घातली. वकीलबाई जरा हसल्या, पण त्यांनी लिहून घेतले.

पुस्तक छापले की ते कोठे जाते, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतातील प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते. मुंबईची प्रत फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये जाते, एशियाटिकच्या त्याच पायऱ्या चढून. इस्राएलात छापले तर प्रती जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जातात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत कार्यालय आहे, तेथून मराठी पुस्तकेही खरेदी होतात. तेव्हा पुण्यात छापलेले पुस्तक आयसेलिनच्या कोणत्याही दुकानात न येता वॉशिंग्टनला मात्र पोचू शकते. प्रकाशकाने प्रती खरोखर पाठवल्या की नाही, हे पत्र लिहून विचारावे. पुष्कळ जण पाठवत नाहीत.

आमच्या कादंबरीचे पहिले प्रूफ तपासून आम्ही परत धाडले. तपासायला पाच आठवडे लागले, कारण डोळे दिवसाला दहा पानांहून अधिक सोसत नाहीत. तपासताना पाने उलटीकडून, शेवटच्या प्रकरणापासून वाचत गेलो. ही वर्गातल्या वह्या तपासण्याची आमची जुनी रीत : गोष्टीत गुंतले की ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही. एकशे चौदाव्या पानावर ‘घाणा’चा ‘गाणा’ झाला होता आणि शनिवारी तेल्याच्या घरी गाणे बंद पडले होते. दुसरे प्रूफ हनुक्काच्या सुमारास यायचे आहे.